पक्षी, कॅमेरा आणि मधलं अंतर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्यावर हिवाळी पाहुणे पक्षी उतरले की आमच्याकडे पत्रंही वाढतात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. बहुतेक पत्रांचा सूर एकच दिसला : ‘आणखी जवळ कसं जायचं?’ आमचं म्हणणं असं की आधी किती जवळ जायची गरज आहे ते मोजा. म्हणून काही ठिकाणी आकडेमोड केली आहे, ती टाळू नका.

प्रश्न : १५०-६०० मिमीची नवी लेन्स घेऊन भिगवणला गेलो. नावेतून फ्लेमिंगोंचे भरपूर फोटो काढले, पण एकही हवा तसा शार्प नाही. दुकानदार म्हणतो लेन्स ठीक आहे. मग चुकतं कुठे? (एक वाचक, पुणे)

दुकानदाराचं म्हणणं बहुधा खरं आहे. फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करा आणि तो कशा प्रकारे मऊ आला आहे ते आधी बघा, कारण प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते.

पक्षी, पाणी, मागचा काठ असं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हललाय. फक्त मान किंवा पंख पुसट आणि पाय शार्प असतील तर पक्षी हललाय. पक्षी मऊ पण त्याच्या पुढचं गवत किंवा मागची लाट कडक असेल तर फोकस चुकलाय. आणि चौकटीतलं सगळंच किंचित वितळल्यासारखं, कडा नागमोडी झालेल्या, लागोपाठच्या दोन फोटोंत पक्ष्याचा आकारही जरा वेगळा, असं असेल तर दोष हवेचा आहे. भिगवणच्या फोटोंत हा शेवटचा प्रकार सर्रास आढळतो आणि बिचाऱ्या लेन्सच्या माथी मारला जातो.

सकाळी नऊ-साडेनऊ झाले की चिखलाच्या पट्ट्या तापायला लागतात. त्यावरची गरम हवा आणि वरची गार हवा एकमेकींत मिसळतात, त्यातून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. दुपारी डांबरी रस्त्यावर दिसते तीच थरथर, फक्त ६०० मिमीतून ती कितीतरी मोठी होऊन दिसते. शटर स्पीड १/४००० सेकंद केला तरी ती जात नाही. स्क्रीनवर दृश्य दहापट मोठं करून बघा. कडा उकळत्या पाण्यासारख्या हलत असतील तर लांबच्या पक्ष्यांचा नाद सोडा आणि नावेजवळच्या वारकरी, शेकाट्या अशा पाणपक्ष्यांकडे वळा. उपाय एवढाच : उजाडता उजाडता नाव पाण्यात असली पाहिजे. कुंभारगाव किंवा डिकसळला आदल्या रात्री मुक्काम करण्यात हाच फायदा आहे.

आता शटरचं. ६०० मिमी आणि दीडपट क्रॉपचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा म्हणजे ९०० मिमीसारखा दृश्यकोन. तेव्हा जमिनीवर उभं राहूनसुद्धा १/१००० हा किमान वेग. नावेत १/१६०० च्या खाली उतरू नका, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनक्षमता) १६०० झाला तरी चालेल. थोडा दाणा दिसेल, पण दाणा कमी करता येतो, हललेला फोटो सुधारत नाही. इंजिन चालू असताना कोपर नावेच्या काठावर टेकवू नका, सगळी थरथर थेट लेन्समध्ये येते. ट्रायपॉडचंही तेच. नावाड्याला आधीच सांगा की पक्ष्यांच्या बऱ्याच अलीकडे इंजिन बंद करून बांबूने नाव ढकलायची. तळाशी बसा. लेन्स पाण्याच्या जितकी जवळ येईल तितकी मागची बाजू लांब जाऊन पुसट होते आणि पक्षी उठून दिसतो.

दोन छोट्या गोष्टी. लेन्सवर स्वस्तातला यूव्ही फिल्टर चढवला असेल तर काढून टाका. लांब लेन्सवर त्याचा परिणाम चटकन दिसतो. संरक्षणाला हूड पुरेसं आहे. आणि या झूम लेन्स पूर्ण ६०० ला, भिंगाचं तोंड पूर्ण उघडं असताना, म्हणजे एफ/६.३ ला, थोड्या मऊच असतात. उजेड असेल तेव्हा एफ/८ ठेवा.

आता अंतराचा हिशेब. लेन्सचे मिलिमीटर गुणिले पक्ष्याचा आकार मीटरमध्ये, भागिले अंतर मीटरमध्ये. जे उत्तर येईल तितके मिलिमीटर पक्षी सेन्सरवर उमटतो. उभा फ्लेमिंगो धरा १.३ मीटर. ६०० गुणिले १.३ भागिले ६०, म्हणजे १३ मिलिमीटर. क्रॉप सेन्सरची उंची साडेपंधराच्या आसपास असते. म्हणजे साठ मीटरवरून एकटा फ्लेमिंगो चौकट जवळजवळ भरून टाकतो! तीस मीटरवर गेलात तर आडव्या चौकटीत त्याचे पाय तरी कापले जातील नाहीतर डोकं तरी. थव्यासाठी शंभर मीटरही चालतात.

चरणारे फ्लेमिंगो माना खाली घालून असतात. त्यांनी माना वर केल्या, चरणं थांबवलं आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथेच थांबा, हलू नका. बऱ्याचदा ते पुन्हा चरू लागतात. उडतानाच्या फोटोसाठी नाव थव्यात घालायला सांगणारे पर्यटक असतात आणि ऐकणारे नावाडीही. कृपा करून तुम्ही तसं सांगू नका. हे पक्षी इथे खाऊन ताकद कमवायला येतात, आणि दर वेळी उडवल्यावर त्यातलीच ताकद खर्च होते.

प्रश्न : बगळे नुसते पांढरेफटक येतात, पिसं दिसतच नाहीत. आणि आकाशातली घार काळी ठिक्कर. (एक वाचक, सांगली)

दोन्हीचं कारण एकच. कॅमेऱ्याचं मीटर चौकटीतला उजेड मधल्या करड्या छटेवर आणू पाहतं. बगळा लहान आणि मागे गर्द हिरवी झाडी असेल तर मीटर झाडीकडे बघून उजेड वाढवतं आणि बगळा जळतो. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करा, ऊन कडक असेल तर उणे दीडसुद्धा. घार आभाळात असेल तर मीटर आभाळाकडे बघून उजेड कमी करतं. तिथे अधिक १, ढगाळ पांढऱ्या आभाळात अधिक २ पर्यंत. पांढऱ्या बगळ्याने चौकट भरलीच असेल तर मात्र उलट, मीटर त्याला करडा करतं आणि थोडं अधिक द्यावं लागतं.

ही बेरीज-वजाबाकी नको असेल तर मॅन्युअल मोड वापरा. ऊन बदलत नसेल तर बगळ्यामागे झाडी आली काय किंवा पाणी आलं काय, त्याच्यावरचा उजेड तोच असतो. पाठीशी सूर्य घेऊन, सकाळी आठच्या कोवळ्या उन्हात आयएसओ ४००, एफ/८, १/१६०० पासून सुरुवात करा. ऊन चढलं की १/३२००. एक फोटो काढा आणि जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना कॅमेऱ्यात चालू ठेवा. पाठीवर लुकलुक दिसली तर शटर एक-दोन टप्पे वाढवा. फोटो रॉमध्ये (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाईलमध्ये) घ्या. सावलीतली घार रॉमधून बरीच वर काढता येते, जळलेलं पीस कशानेच परत येत नाही.

प्रश्न : मोठा प्रवास जमत नाही. घराच्या अंगणात बुलबुल, दयाळ, शिंजीर येतात. ४०० मिमीच्या लेन्सवर इथेच चांगले फोटो मिळतील का? (एक वाचक, नाशिक)

मिळतील, आणि शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही. पाणी ठेवा. धान्यापेक्षा पाण्यावर जास्त जातींचे पक्षी येतात, कारण किडे आणि फळं खाणाऱ्यांनाही पाणी लागतंच.

कुंडीखाली ठेवतात ती मातीची खरबरीत थाळी घ्या. पाणी कडेला दोन आणि मध्ये फार तर पाच सेंटिमीटर. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे शिंजिरासारख्यांना पाय टेकवता येतो. थाळी जमिनीपासून मीटरभर उंच, आणि मांजर दबा धरेल असं झुडूप दोन मीटरच्या आत नको. पाणी रोज बदला, थाळी दोन दिवसांतून एकदा घासा. तीच थाळी आठवडाभर तशीच राहिली तर त्यात डासांच्या अळ्या होतील.

पक्षी थेट पाण्यावर येत नाही. आधी जवळ कुठेतरी बसतो, इकडेतिकडे बघतो, मग उतरतो. फोटो त्या बसण्याच्या जागी काढायचा. थाळीपासून हातभर अंतरावर बोटाएवढ्या जाडीची वाळकी फांदी तिरकी रोवा आणि आजूबाजूला दुसरी सोयीची बैठक ठेवू नका. फांदीच्या मागे किमान चार-पाच मीटर मोकळं असावं, त्यापलीकडे झाडं. फांदीमागे लगेच भिंत आली तर भिंतीचा प्रत्येक पोपडा फोटोत येतो.

तुम्ही कुठे बसायचं? बुलबुल वीस सेंटिमीटरचा. ४०० गुणिले ०.२ भागिले ५, म्हणजे १६ मिलिमीटर. साडेतेवीस मिलिमीटर रुंद सेन्सरवर दोन तृतीयांश. पाच मीटर पुरे. या अंतरावर एफ/६.३ ला शार्प राहणारी पट्टी जेमतेम चार सेंटिमीटरची असते, हे नीट लक्षात घ्या. बुलबुल तुमच्याकडे तोंड करून बसला तर डोळा शार्प आणि शेपटी पुसट येणार. फांदी कॅमेऱ्याला समांतर लावली की पक्षी बहुधा आडवा बसतो आणि चोचीपासून शेपटीपर्यंत त्या पट्टीत मावतो. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात पक्ष्याचा डोळा आपोआप पकडतात, तरी आडवी आलेली डहाळी त्यालाही फसवते.

आडोशाला दोन खांबांवर जुनी गडद, बिननक्षीची चादर बांधा आणि लेन्सपुरतं भोक पाडा. आडोसा लावून दोन-तीन दिवस नुसता राहू द्या. पक्ष्यांना सवय झाली की मग त्यात जाऊन बसा.

प्रश्न : उडत्या पक्ष्यांचे फोटो जमतच नाहीत. कॅमेरा उचलेपर्यंत पक्षी गेलेला असतो. (दोन वाचक, कोल्हापूर आणि पणजी)

वेगाच्या आधी वारा. पक्षी उडताना आणि उतरताना तोंड वाऱ्याकडे करतो. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून, अंगावर उजेड घेऊन येतो. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर वारा बऱ्याचदा पूर्व-ईशान्येकडून असतो, म्हणून सकाळी पूर्वेला पाठ करून उभं राहिलात की दोन्ही साधतं. वाऱ्याच्या उलट बाजूला उभ्या राहिलेल्याला नुसत्या शेपट्या मिळतात.

मग सराव. सुरुवात वेड्या राघूपासून करा. तो तारेवरून किंवा फांदीवरून उडतो, माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन ती आपटतो. त्या जागेवर फोकस लावून ठेवा, थोडी जागा सोडून चौकट बांधा आणि तो परततानाच बटण दाबा. शटर १/३२००. माळावर एकाच जागी पंख फडफडवत स्थिर राहणारी कापशी घार दुसरा धडा, १/२००० पुरतो. चित्रबलाकासारख्या संथ, मोठ्या पक्ष्याला १/१२५० चालतो.

सलग फोकसचा मोड हवा : कॅननवर एआय सर्वो किंवा सर्वो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर तो दहा मीटर ते अनंत असा ठेवा, नाहीतर फोकस चुकला की लेन्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत बसते आणि तेवढ्यात पक्षी जातो. पक्षी शोधताना झूम ३०० च्या आसपास ठेवा, सापडला की वाढवा. आणि बटण दाबून धरू नका. तीन-चार फोटोंचे छोटे झटके द्या, म्हणजे खरा क्षण येतो तेव्हा कॅमेऱ्याचा बफर (फोटो कार्डवर जाईपर्यंत साठवणारी तात्पुरती जागा) भरलेला नसेल.

उडणार हे आधी कळतंही. शिकारी पक्षी पुढे झुकतो, एकाच दिशेला टक लावतो आणि बरेचदा शिटतो. शिटला की श्वास रोखून तयार राहा.

प्रश्न : शेताच्या बांधावर टिटवीने अंडी घातली आहेत. पिल्लं निघेपर्यंतचे फोटो घ्यायचे आहेत. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, बारामती)

घेऊ नका. टिटवी अंडी उघड्यावर घालते आणि उन्हाळ्यात अंड्यांवर उभी राहून सावली करते, पोटाची पिसं भिजवून आणून त्यांना गारवा देते. तुम्ही जवळ असेपर्यंत ती ओरडत घिरट्या घालणार, आणि भर दुपारी तेवढ्या वेळात उघडी अंडी उकडून निघू शकतात. तिच्या आरडाओरड्यामुळे आणि तुमच्या येण्या-जाण्यामुळे कावळे आणि कुत्री जागा हेरतात ते वेगळंच. झाडावरच्या घरट्यासमोरची पानं ‘फक्त फोटोपुरती’ बाजूला करणं त्याहून वाईट, कारण तीच पानं पिल्लांना ऊन आणि शिकरा या दोघांपासून वाचवत असतात.

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं येतं. घरट्याचे फोटो आम्ही छापत नाही. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावून काढलेलेही नाहीत, विशेषतः विणीच्या काळात. कारण अशा वेळी नर आपल्या हद्दीत घुसखोर आला असं समजून पिल्लांचं खाणं सोडून भांडायला आलेला असतो. पिल्लं निघून बांधावर फिरू लागली की गाडीत बसून, काच खाली करून, इंजिन बंद ठेवून लांबून फोटो घ्या. जागेचा पत्ता मात्र टाकू नका, आणि फोटोच्या फाईलमध्ये जीपीएस नोंद असेल तर तीही काढा.

प्रश्न : ताडोबाला पहिल्यांदाच जाणार आहे. ६०० मिमी भाड्याने घ्यावी का? (एक वाचक, सोलापूर)

नको. वाघ रस्त्याच्या कडेला पंधरा मीटरवर आला तर वर दिलेला अंतराचा हिशेब मांडून बघा : डोक्यापासून बुडापर्यंत पावणेदोन-दोन मीटरचा प्राणी, क्रॉप कॅमेऱ्यावर २०० मिमीमध्येही चौकटीबाहेर जातो. १००-४०० सगळ्यांत सोयीची. शटर चालत्या वाघाला १/८००, बसलेल्याला १/२५० सुद्धा पुरतो, पण जिप्सीत कुणी हलत असेल तर नाही. पहाटेच्या फेरीत पहिला अर्धा तास आयएसओ ३२०० धरूनच चला.

ट्रायपॉड हॉटेलवर ठेवा. रिकामी बीनबॅग (लेन्सला टेकू देणारी कापडी पिशवी) न्या आणि तिथे गेल्यावर दोन-तीन किलो तांदूळ किंवा ज्वारी भरा. ती जिप्सीच्या दांडीवर टाका आणि चालकाला इंजिन बंद करायला सांगा. उन्हाळ्यात धूळ अति असते. गाडी चालू असताना कॅमेऱ्यावर ओला नव्हे, कोरडा सुती टॉवेल. लेन्स जंगलात बदलायचीच नाही. समोरच्या काचेवर बसलेली धूळ आधी हवेच्या फुग्याने उडवा, मगच पुसा. उलट केलंत तर त्या कणांनीच काच ओरखडते.

प्रश्न : बजेट कमी आहे. मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा घ्यावा की जुना डीएसएलआर? (एक वाचक, अमरावती)

कोणता पक्षी दिसला याची नोंद ठेवायची असेल तर ब्रिज कॅमेरा, म्हणजे न बदलता येणारी मोठी झूम असलेला. निकॉनच्या पी९५० मध्ये ८३ पट झूम आहे आणि तो खांद्याला जड होत नाही. मात्र त्याचा सेन्सर अगदी लहान. सकाळ-संध्याकाळ आयएसओ ४००-८०० च्या पुढे पिसांचा तपशील धुऊन निघतो, आणि उडता पक्षी पकडणं कठीण. जंगलात, कमी उजेडात काम करायचं असेल तर वापरलेला डीएसएलआर आणि ३०० मिमीपर्यंतची झूम बरी. वापरलेली लेन्स घेताना मागून मोबाईलची टॉर्च मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा.

प्रश्न : बुरशीचंच विचारायचं होतं. पावसाळ्यात लेन्स कपाटात ठेवली तरी बुरशी लागते. (एक वाचक, चिपळूण)

कोकणात कपाट म्हणजे बुरशीचं माहेरघर. लाकूड, कपडे आणि कॅमेऱ्याची बॅग, तिन्ही दमट. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते. चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवा. फार कोरडंही नको, लेन्समधलं वंगण आणि रबर खराब होतं.

विजेवरचं ड्राय कॅबिनेट उत्तम. नसेल तर झाकणाला रबरी पट्टी असलेला वीस लिटरचा प्लास्टिकचा डबा, आत दोनशे-अडीचशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, आणि एक छोटं आर्द्रतामापक. मापकाशिवाय हा सगळा अंदाजपंचे कारभार होतो. रंग नारिंगीवरून हिरवा होणारं जेल घ्या. निळ्या-गुलाबी जेलमध्ये कोबाल्टचा क्षार असतो, तो स्वयंपाकघरात नको. रंग बदलला की जेल ताटात पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. बॅग डब्यात घालू नका. बुरशी लागलेली लेन्स चांगल्या लेन्सबरोबर एका डब्यात नको.

पावसाच्या तोंडावर तिकडे तिबोटी खंड्या येतो, तेव्हा कॅमेरा बाहेर निघणारच. एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर येताना कॅमेरा बॅगेत, चेन लावून, अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. गार काच एकदम दमट हवेत आली की बाहेरून धुकं धरतं ते पुसता येतं, आतल्या भिंगांवर धरतं ते येत नाही. परत आल्यावर अंग कोरड्या कापडाने टिपा, हूड काढून वेगळं वाळवा, झूम पूर्ण बाहेर ओढून नळीवरचं पाणी टिपा आणि पंख्याखाली तासभर ठेवून मगच डब्यात टाका. ओली लेन्स तशीच बंद डब्यात गेली तर जेल फार लवकर संपतं.